प्रश्न काळ्या शाईचा आहे

चार रंगांच्या शाईचा टँकवाला प्रिंटर फोटोंना पुरतो, हे मला अर्धंच पटतं. अशा बऱ्याच मॉडेल्समध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक रंगकणांची असते. ती ग्लॉसी कागदात मुरत नाही, म्हणून फोटो छापताना काळा रंग उरलेल्या तिघांतून तयार होतो. माझा राजवाड्याचा रात्रीचा फोटो त्यामुळेच मातकट आला, फार वाईट वाटलं. फोटोच छापायचे असतील तर फिकट निळा-गुलाबी धरून सहा रंगांचा, सगळ्या डाय शाईचा (विरघळलेल्या रंगाची, कागदात मुरणारी) घ्या. एप्सन एल८०५० तसा आहे.

आणि आपल्या इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात प्रिंटर पडून राहिला की नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) सुकतात. आठवड्यातून एक रंगीत पान काढाच. सुकलेले नोझल मोकळे करायला हेड क्लीनिंग करावं लागतं, त्यात त्याहून कितीतरी जास्त शाई वाया जाते.