संगमरवरी ओट्यावर व्हिनेगर चालेल का?

प्रश्न: बाळ रांगतंय, दिसेल ते तोंडात घालतं. त्यामुळे उग्र रसायनं नको वाटतात. ओटा संगमरवरी आहे. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून पुसला तर चालेल का?

उत्तर १: संगमरवरावर व्हिनेगर अजिबात नको! संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की दगडच झिजतो. उजेडात तिरकं बघितलं की निस्तेज डाग दिसतात, ते पुसून जात नाहीत, पॉलिशच करावं लागतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ फडकं, मग साध्या पाण्याचा हात. रोजच्याला एवढं पुरे. शिवाय सोडा आणि व्हिनेगर एकमेकांचा जोर घालवतात. फेस भरपूर, काम नाही.

उत्तर २: घरात कुणी आजारी असेल तेव्हा जंतुनाशक वापरा. आधी मळ काढा, मग बाटलीवर दिलेला वेळ जागा ओली राहू द्या. लगेच पुसलं तर फुकट.

उत्तर ३: ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, कळकळीने सांगते. विषारी वायू होतो.

प्रश्नकर्ती: आणि फरशी जंतुनाशकाने पुसली तर?

उत्तर १: नंतर साध्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळली की मगच बाळाला सोडा.