वर्षभरात दुसऱ्यांदा दिवाळखोरी, स्टे फक्त ३० दिवस: बरोबर की अन्याय?

डॅलसकर: अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला की आपोआप स्टे, म्हणजे वसुलीला स्थगिती, लागतो आणि घराचा लिलाव थांबतो. पण गेल्या वर्षभरात तुमची एक केस डिसमिस झाली (कोर्टाने मध्येच बंद केली) असेल, तर हा स्टे ३० दिवसांत संपतो. दोन झाल्या असतील तर लागतच नाही, कोर्टाकडे मागून घ्यावा लागतो. २००५ ची ही दुरुस्ती मला पटते. इथे टेक्ससमध्ये लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी असतो. सोमवारी अर्ज टाकायचा, पुढे कागदपत्रं द्यायचीच नाहीत, केस डिसमिस होऊ द्यायची. पुढच्या लिलावाच्या आदल्या दिवशी बायकोच्या नावाने अर्ज! फुकटात राहणं झालं हे.

मृण्मयी_ह्यू: असहमत. चॅप्टर १३ मध्ये, म्हणजे हप्त्यांनी फेड करायच्या दिवाळखोरीत, कोर्टाने मंजूर केलेल्या प्लॅनप्रमाणे तीन ते पाच वर्षं थकबाकी फेडायची आणि वर घराचा चालू हप्ताही भरायचा. मध्येच नोकरी गेली, हप्ते चुकले, केस डिसमिस. नवी नोकरी लागल्यावर तोच माणूस परत आला, की मंजूर प्लॅन मोडला म्हणून कायदा त्याला आधीच अप्रामाणिक धरतो. तसं नाही हे भक्कम पुराव्यानिशी त्यानेच सिद्ध करायचं.

बंडोपंत: मग स्टे वाढवायचा अर्ज करावा की. सोय आहे.

मृण्मयी_ह्यू: नुसता करून भागत नाही, सुनावणीही त्याच ३० दिवसांत पुरी व्हावी लागते. बँकेला नोटीस, जजची तारीख, सगळं त्यातच. वकील परवडत नाही त्याला हे कळेपर्यंत निम्मा महिना सरलेला असतो.

कलमबहाद्दर: दोघेही थांबा जरा. ३० दिवसांनी नक्की काय संपतं यावरच कोर्टांचं एकमत नाही. दिवाळखोरी कायद्याचं कलम ३६२ म्हणतं, स्टे 'कर्जदाराच्या बाबतीत' संपतो. फर्स्ट सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने २०१८ मध्ये मेन राज्यातल्या केसमध्ये सांगितलं, सगळाच संपतो. फिफ्थ सर्किटने, म्हणजे टेक्सस ज्याच्या हद्दीत येतं त्याने, २०१९ मध्ये उलट सांगितलं: कर्जदारापुरता संपतो, दिवाळखोरीच्या इस्टेटीतल्या, म्हणजे केसमुळे कोर्टाच्या देखरेखीखाली आलेल्या, मालमत्तेवरचा राहतो. चॅप्टर १३ मध्ये निदान प्लॅन मंजूर होईपर्यंत घर त्याच इस्टेटीत असतं. तेव्हा डॅलसकर, तुमच्याच राज्यात ३१व्या दिवशी लिलाव उरकणारी बँक गोत्यात येऊ शकते. :)

डॅलसकर: म्हणजे लबाडांना आणखी एक फट! बँकेने मग काय करायचं?

मृण्मयी_ह्यू: त्याच कलमात उपाय आहे. अर्जांवर अर्ज टाकून बँकेला अडवण्याचा डाव चाललाय हे कोर्टाला पटलं आणि तसा आदेश काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मालमत्ता नोंदीत चढवला, की पुढची दोन वर्षं त्या घरावर स्टे लागत नाही, अर्ज बायकोचा असो की मेव्हण्याचा. अपवाद हवा तर कोर्टाकडे जावं लागतं. हे हत्यार असताना ३० दिवसांची टांगती तलवार सगळ्यांवर कशाला?

डॅलसकर: कारण तो आदेश मिळेपर्यंत दोन-तीन लिलाव बुडतात. हप्ते वेळेवर भरणाऱ्यांनी त्याचा भुर्दंड का सोसायचा?

कलमबहाद्दर: वाद चालू द्या. हप्ते थकलेलं कोणी हे वाचत असेल तर एकच: बँकेने स्टे उठवायचा अर्ज केला म्हणून घाबरून स्वतःहून केस मागे घेऊ नका. मग १८० दिवस नवा अर्जच करता येत नाही.