खुराड्यात रात्रभर बल्ब नको

रात्रभर बल्ब ठेवला की मुंगूस येत नाही, असं काही जण सुचवतात. मुंगूस फिरतं दिवसा! रात्री येतात मांजरं आणि घुशी, त्यांना उजेडाचं काही नाही; झोपमोड होते ती कोंबड्यांची.

कोंबड्यांनी अंडी घालावीत म्हणून दिवसाला एकूण 14 तास उजेड पुरे. नाशकात डिसेंबरात दिवस जेमतेम 11 तासांचा, म्हणून 5 वॅटचा पिवळा एलईडी टायमरवर पहाटे 4 ते 7 लावा. संध्याकाळी नकोच: दिवा अचानक विझला की कोंबड्यांना बसायची दांडी दिसत नाही, त्या जमिनीवरच बसतात.

प्राणी अडवायचे ते जाळीने; पण षटकोनी जाळी कुत्रा दातांनी फाडतो. अर्धा इंची वेल्डमेशच (सांधे वेल्ड केलेली चौकोनी तारजाळी) घ्या, आणि बुडाशी दीड फूट बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर माती टाका. घूस भिंतीलगत उकरते, तिथे तिला जाळीच लागते.