एन्टासिसला ‘फुगवटा’ म्हणावं का?

ओसरी: पार्थेनॉनवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि एका शब्दापाशी अडलेय. अथेन्सचं हे देऊळ इ.स.पू. ४४७ ते ४३२ मधलं, बाहेरचे ४६ खांब डोरिक, म्हणजे साध्या, दणकट ग्रीक शैलीतले. खांब वर निमुळता होत जातो, पण त्याची कड सरळ नाही. मध्ये ती किंचित बाहेर येते. याला एन्टासिस म्हणतात. मी ‘फुगवटा’ लिहिलं. माझे काका आयुष्यभर बांधकामावर मुकादम होते. ते म्हणाले, “फुगवटा आला की आम्ही भिंत उतरवायचो.” तेव्हापासून तो शब्द खुपतोय. दुसरा काही सुचतो?

काळा पाषाण: काकांचं बरोबर आहे. मातीची भिंत पावसात पोट काढते, तो फुगवटा. इथे पाथरवटाने मोजूनमापून संगमरवरात आणलेला आकार आहे. ‘उभार’ बघा.

दुर्बीण: ‘उभार’ म्हटलं की उठावाची शिल्पं डोळ्यांपुढे येतात, तिथल्याच मेटोपांवर (खांबांच्या वरच्या पट्टीतल्या चौकोनी शिल्पफलकांवर) सेंटॉरांची, म्हणजे अर्ध्या माणूस-अर्ध्या घोड्यांची, झुंज आहे. वाचक गोंधळेल. मूळ ग्रीक शब्दात ‘ताणणं’ आहे. ओझं पेलताना दंड टरारतो ना, तसा तो खांब. ‘ताण’ बसत नसेल तर एन्टासिसच ठेवा.

मोडीवाचक: एन्टासिस तसाच ठेवणं हा आळस. आपल्या वाड्यांत सुरूदार खांब आहेत, सुरूच्या झाडासारखे: खाली भरलेले, वर निमुळते. आमच्या आजोळच्या चौकात होते, सागवानी, वर केळफुलाची नक्षी. लहानपणी त्यांना मिठी मारली की हात पुरायचे नाहीत. घरचा शब्द असताना उसना का?

दुर्बीण: सुरूदार खांबाचं पोट अंगणातून दिसतं, ते दिसावं म्हणूनच असतं. पार्थेनॉनचा खांब सुमारे साडेदहा मीटर उंच आणि बाक जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. दोन्ही एकच कसे? शिवाय ‘सुरू’ फारसीतून आला. ‘केंद्र’ आणि ‘होरा’ ग्रीकांकडून आले, ‘दाम’ त्यांच्या द्राख्मे या नाण्यावरून. उसन्याचं एवढं वावडं का?

मोडीवाचक: केंट्रॉनचं ‘केंद्र’ झालं, म्हणजे जिभेने ते घासूनपुसून घेतलं. एन्टासिस अजून परकाच वाटतो. माझा विरोध न घासता उचलण्याला आहे.

काळा पाषाण: खांबांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात काही खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, आणि शब्द आहे ‘थभो’. मी बॅटरी तिरकी धरून तो अक्षर अक्षर लावला होता. अंगावर काटा आला. म्हणजे ‘स्तंभ’ हा पुस्तकी शब्द नाही, त्याचं बोलीतलं रूप इथे दोन हजार वर्षांपूर्वी होतं. ओसरीताई, तुम्ही सगळीकडे ‘खांब’ लिहिलंय, त्याचा फेरविचार करा.

मोडीवाचक: ‘खांब’ ‘स्कंभ’वरून आला, तोही तितकाच जुना. ‘स्तंभ’वरून आपल्याकडे ‘थांबणे’ आलं. उभं राहिलेलं ते थांबलेलं! ‘खांब’च राहू द्या.

दुर्बीण: आणि त्या लेखांतले यवन म्हणजे ग्रीकच, असं धरून चालू नका. त्यावर अभ्यासकांत एकमत नाही.

ओसरी: थभो वाचून मीही थरारले. पण लेख पुढे न्यायचाय. तूर्त ‘खांबाचा सूक्ष्म बाक’ असं लिहून कंसात एन्टासिस देतेय.

काळा पाषाण: ‘बाक’ म्हणजे खांब वाकला असं वाटेल हो.

नवी पाटी: मध्येच विचारते. डोरिक खांबाला खाली बैठक नसते, तो थेट जोत्यावर उभा राहतो. आयोनिक या दुसऱ्या ग्रीक शैलीतल्या खांबाला असते, गोल कड्यांची. तिला वाड्यातल्यासारखं ‘उथळा’ म्हटलं तर चालेल का?

मोडीवाचक: उथळा लाकडी खांबाखालचा दगड. आयोनिकचा खांबच दगडी. थांबा, आईला विचारून सांगतो, ती वाड्यात वाढलीय.