‘क्रोनी कॅपिटलिझम’ला मराठीत काय म्हणावं : कुडमुडी की साट्यालोट्याची?

विचारणा

आमच्या अभ्यासगटात भांडवलशाहीची चिकित्सा करणारी आणि लोकशाहीवरच्या संकटांबद्दलची पुस्तकं वाचतो, भाषणं आणि माहितीपट एकत्र बसून बघतो. बहुतेक सगळं इंग्रजीत असतं आणि गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ते भरभर ऐकून कळत नाही. म्हणून मी मराठी उपशीर्षकं लिहायला घेतली आहेत. ‘क्रोनी कॅपिटलिझम’पाशी, म्हणजे सत्ताधारी आणि त्यांच्या जवळचे उद्योगपती यांच्या संगनमतावर चालणाऱ्या भांडवलशाहीपाशी, अडले आहे. ‘कुडमुडी भांडवलशाही’ वर्तमानपत्रांत वाचलंय. ‘साटेलोटे’ही दिसतं. कुणी ‘मर्जीतल्यांची भांडवलशाही’ सुचवलं. ओळ पडद्यावर दोन-तीन सेकंदच राहते, तेवढ्यात अर्थ लागला पाहिजे. शिवाय ‘सर्व्हेलन्स कॅपिटलिझम’ (लोकांच्या वागण्याची नोंद ठेवून त्यावर नफा कमावणं) आणि ‘डेमोक्रॅटिक बॅकस्लायडिंग’ (निवडून आलेल्यांच्याच हातून लोकशाही हळूहळू कमकुवत होणं) हेही हवे आहेत.

प्रतिसाद

‘कुडमुडी’च ठेवा. अग्रलेखांमुळे तो रुळलाय, कानाला धरतो आणि खोट्या, अर्ध्याकच्च्या भांडवलशाहीबद्दल बोलतोय हे लगेच कळतं. ‘हितसंबंधी’ वगैरे शब्द ऐकले की झोप येते.

प्रतिसाद

माझं मत वेगळं आहे आणि थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे शब्द चुकला तर मुद्दाच हातातून निसटतो.

आधी ‘कुडमुडी’बद्दल. कुडमुडे जोशी हे हातातलं डमरूसारखं छोटं वाद्य वाजवत दारोदार भविष्य सांगणारे भटके लोक. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत जोशी या नोंदीखाली कुडमुडे आजही आहेत. पोथीवाल्या ज्योतिष्याच्या तुलनेत हा कमअस्सल, अशा तुच्छतेतून ‘कुडमुडा’ म्हणजे दिखाऊ, अर्धवट हा अर्थ आला. सरकारदरबारी वजन असलेल्या अब्जाधीशांच्या व्यवहाराला, ज्यांच्याकडे कधी सातबारासुद्धा नव्हता अशा लोकांचं नाव द्यायचं, हे मला पटत नाही. गटात त्या समाजातलं कुणी बसलं असेल तर त्याला काय वाटेल, याचा विचार करा.

दुसरं कारण अर्थाचं. कुडमुडी म्हणजे नीट न जमलेली. त्यातून असं सूचित होतं की खरी भांडवलशाही निराळी आणि ही तिची बिघडलेली नक्कल. तसं मानणारे अभ्यासक आहेत. पण तुम्ही बघता त्यातले बरेच वक्ते नेमकं उलट म्हणतात : पैसा एका जागी साठला की तो सत्ता विकत घ्यायला निघतोच. त्यांच्या तोंडी ‘कुडमुडी’ घातलं तर आपण त्यांचं मत बदलतो. उपशीर्षक लिहिणाऱ्याने ते करू नये.

‘क्रोनी’ म्हणजे जुना दोस्त, खास यार. हा शब्दप्रयोग गाजला राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोसच्या फिलिपिन्समुळे. १९७२ मध्ये मार्कोसने लष्करी कायदा लावला, संसद बंद झाली आणि राष्ट्राध्यक्षाचा हुकूमनामा हाच कायदा झाला. साखरेचा व्यापार त्याचा कॉलेजपासूनचा मित्र रॉबेर्तो बेनेदिक्तो याच्या हाती गेला, नारळाचा एदुआर्दो कोहुआंग्को याच्या. नारळाची गोष्ट तर प्रत्येक गटात सांगावी अशी आहे. भाव स्थिर राखू, शेतकऱ्यांचं भलं करू, असं सांगून नारळ बागायतदारांकडून सक्तीची पट्टी वसूल केली. १९७५ मध्ये त्या पैशातून एक बँक विकत घेतली गेली आणि तिची सूत्रं कोहुआंग्कोकडे आली. पुढे १९८३ मध्ये त्याच पैशातून सान मिगेल या देशातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीचे शेअर घेतले गेले. पट्टी भरणारा बागायतदार होता तिथेच राहिला. मार्कोस फेब्रुवारी १९८६ मध्ये पळाला, पण खटले चालतच राहिले. सान मिगेलमधले २४ टक्के शेअर सरकारचे आणि ते नारळ बागायतदारांसाठीच वापरायचे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०१२ मध्ये. त्या पैशाचा न्यास करणारा कायदा २०२१ मध्ये झाला. ज्यांच्याकडून पट्टी घेतली त्यातले किती जण तोवर हयात होते, कोण जाणे.

यात दोस्ती आहे, मर्जी आहे, पण गाभा देवाणघेवाणीचा आहे. त्यासाठी मराठीत ‘साटेलोटे’ आहे. आमच्याकडे मराठवाड्यात साटंलोटं म्हणजे तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात. हुंडा वाचतो, दोन्ही घरं बांधली जातात. माझा कौल ‘साट्यालोट्याची भांडवलशाही’ला.

प्रतिसाद

‘कुडमुडी’चा मीच आग्रह धरला होता. जोशी समाजाबद्दलचा मुद्दा मान्य. पण साट्यालोट्यात दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात. सत्ताधारी आणि उद्योगपती दोघांचाही फायदा, मग तक्रार कुणाची? शब्दातून अन्याय दिसत नाही. व्यवहारी तडजोड वाटते.

प्रतिसाद

अन्याय दिसतो. साट्यालोट्यात ज्या दोन मुली दिल्या-घेतल्या जातात, त्यांना कुणी विचारतं का? फायदा घरांचा, किंमत मुलींची. फिलिपिन्समध्ये दोन घरं कोणती आणि न विचारता दिलं गेलेलं कोण, हे वर आलंच आहे.

आणखी एक गोष्ट गावाकडच्या कुणालाही माहीत असते. साट्यातल्या एका मुलीला सासरी त्रास झाला, ती माहेरी परत आली, की दुसरीलाही परत पाठवतात. तिचा संसार चांगला चाललेला असला तरी. दोन्ही घरं एकमेकांच्या हातात अडकलेली असतात. लोकशाहीला खरा धोका इथून आहे. ज्या उद्योगपतीची खाण, बंदर, परवाना, कर्जमाफी सगळं एका नेत्यावर अवलंबून, त्याला तो नेता निवडणूक हरणं परवडतच नाही. मग तो वृत्तवाहिनी विकत घेतो, प्रचाराला पैसा पुरवतो. नेत्यालाही सत्ता सोडणं परवडत नाही, कारण कागद उघडले की दोघेही अडकणार. नुसत्या लाचखोरीत व्यवहार संपला की माणसं सुटतात. साट्यालोट्यात सुटत नाहीत. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द इथे अपुरा पडतो तो यामुळेच.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर निवडणूक रोखे घ्या, म्हणजे बँकेतून विकत घेऊन राजकीय पक्षाला देणगी म्हणून द्यायचे कागद. २०१७ च्या वित्त कायद्याने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरची मर्यादा काढून टाकली. आधी तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येई. मर्यादा गेल्यावर तोट्यातली कंपनीही देऊ शकत होती, आणि रोख्यामुळे देणाऱ्याचं नाव मतदाराला कळत नव्हतं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने योजना एकमताने रद्द केली. देणगीच्या बदल्यात धोरण मिळण्याची शक्यता निकालात स्पष्ट मांडली आहे. त्यासाठी लॅटिन शब्द वापरलाय, ‘क्विड प्रो क्वो’. मराठी बातमीत त्याचं ‘साटेलोटे’ केलं असतं तर शाळा सोडलेल्या माणसालाही निकाल कळला असता.

विचारणा करणारीकडून

पटलं. एक शंका. ‘मक्तेदारी’ हा ‘मोनॉपली’ला घेतला तर या शब्दाशी गोंधळ होईल का?

प्रतिसाद

होणार नाही. उलट मदतच होईल. मक्ता म्हणजे सरकारने दिलेला ठेका : जकातीचा मक्ता, दारूचा मक्ता. बाजारात स्पर्धा जिंकून एकटा उरलेला तो मक्तेदार, हा अर्थ नंतरचा. मुळात मक्ता वरून मिळतो. म्हणून ‘साट्यालोट्यातून मिळालेली मक्तेदारी’ असं लिहिलंत तर साखळी पूर्ण होते.

‘सर्व्हेलन्स’साठी ‘पाळत’ घ्या. टेहळणी करतात ती बुरुजावरून, उघड आणि बाहेरच्या शत्रूची. पाळत आपल्याच माणसावर, त्याला न कळू देता ठेवतात. शोशना झुबॉफ यांच्या ‘सर्व्हेलन्स कॅपिटलिझम’वरच्या २०१९ च्या पुस्तकात हाच रोख आहे : आपण काय बघतो, कुठे थांबतो, कशाने चिडतो, याची नोंद हाच कच्चा माल. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात ८ कोटी ७० लाखांपर्यंत फेसबुक खातेदारांची माहिती गेल्याचं २०१८ मध्ये खुद्द फेसबुकने सांगितलं. ‘पाळतखोर भांडवलशाही’ लिहा. सामासिक ‘पाळत-भांडवलशाही’ वाचताना जीभ अडखळते.

प्रतिसाद

‘बॅकस्लायडिंग’ला मी ‘घसरण’ म्हणालो असतो.

प्रतिसाद

घसरण आपोआप होते, पाय सुटला की. इथे कुणीतरी करतं आहे. हंगेरीत २०१० साली पंतप्रधान झालेल्या व्हिक्टर ऑर्बान यांच्या आघाडीला साधारण ५३ टक्के मतं आणि दोन तृतीयांश जागा मिळाल्या. त्या बळावर १ जानेवारी २०१२ पासून नवी राज्यघटना आली, निवडणुकीचे नियम बदलले, न्यायालयांवर हात पडला. २०१८ मध्ये सरकारच्या बाजूच्या मालकांनी शेकडो वृत्तपत्रं, संकेतस्थळं, वाहिन्या एका प्रतिष्ठानाला फुकट देऊन टाकल्या. ऑर्बान यांच्या गावचा गॅस जोडण्या करणारा लोरिंत्स मेसारोश देशातला सगळ्यात श्रीमंत माणूस झाला. निवडणुका मात्र दर चार वर्षांनी होत राहिल्या. दार, खिडक्या, रंग सगळं जागेवर आणि आतून वाळवी लागलेली. यासाठी ‘पोखरणं’ हे क्रियापद आहे : ‘लोकशाही आतून पोखरली जाते’. वाक्यात जागा असेल तर ‘पोखरली जाते’ असा कर्मणी प्रयोग टाळा आणि कोण पोखरतंय ते लिहा.

विचारणा करणारीकडून

मग ओळी अशा करते : ‘ही साट्यालोट्याची भांडवलशाही आहे.’ ‘नेता हरला तर मक्ताही जातो.’ ‘म्हणून दोघं मिळून लोकशाही पोखरतात.’ दुसरी ओळ वक्त्याच्या मूळ वाक्यापेक्षा आखूड झाली आहे, पण अर्थ तोच आहे. ‘साट्यालोट्याची’ की ‘साटेलोट्याची’?

प्रतिसाद

‘साट्यालोट्याची’. जोडशब्दातले दोन्ही भाग बदलतात, जसं कामंधामं, कामाधामाचं. ‘साटेलोट्याची’ छापलेलं दिसतं, पण बोलताना कुणी तसं म्हणत नाही, आणि तुमच्या ओळी लोक मनातल्या मनात मोठ्याने वाचणार आहेत.