शीर्षक एका शब्दाचंच हवं, हा नियम कुणी काढला?

चिंचगूळ: काल रातकिडा यांनी नवलेखकांना सल्ला दिला, शीर्षक एका शब्दाचं आणि गूढ ठेवा, आत काय आहे त्याचा वास लागता कामा नये. अहो ह्याच सल्ल्यापायी कुठलाही दिवाळी अंक उघडा, अनुक्रमणिकेत स्पंदन, चाहूल, सावट, वर्तुळ. आपापसात बदलली तरी खुद्द लेखकांना पत्ता लागणार नाही. बाबुराव बागुलांनी १९६३ साली कथेला 'जेव्हा मी जात चोरली होती' असं अख्खं वाक्य ठेवलं. तुमच्या नियमात बसवून काय करायचं त्याचं, 'ओळख'? 'लपवली' नाही म्हणाले, 'चोरली' म्हणाले, तिथेच अंगावर येतं.

रातकिडा: बागुल काढून दाखवणं सोपंय हो. नवख्याने वाक्य ठेवलं की 'आणि मग तिला उमगलं...' होतं, वर तीन टिंबं. एका शब्दात निदान चूक छोटी होते. जी. ए. कुलकर्णींच्या कथेचं 'विदूषक' एकाच शब्दाचं आहे की.

चिंचगूळ: त्यात गूढ काय? कथेत विदूषक आहे म्हणून विदूषक!

पेणकर: शीर्षकाने आधीच सांगितलं म्हणून कथा मरत नाही. अण्णाभाऊ साठेंची 'स्मशानातील सोनं' ही कथा घ्या. खाण बंद पडून काम गेलेला भीमा मढी उकरून कशाच्या मागे आहे ते नावातच कळलेलं असतं, तरी त्यात बोटं गमावल्यावर शेवटी खाण परत सुरू झाल्याचं कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतोच.

वहिनीसाहेब: तुम्ही भांडा निवांत, पण शीर्षक शेवटी ठेवतं कोण? माझी कथा होती 'आठ भाकऱ्या'. सासूबाई गेल्यावर घरात माणसं सात, पण सवयीने आठवी थापली जातेच, एवढीच गोष्ट. अंक आला, अनुक्रमणिका तीनदा वाचली, माझी कथा नाहीच, रडायचीच बाकी होते. मग ह्यांनी नाव शोधून दाखवलं, कथेचं 'मायेची ऊब' झालं होतं. एका शब्दाने विचारलं नाही. मानधन म्हणून एक अंक, तोही कोपरे दुमडलेला.

उपद्व्यापी: सगळे संपादक तसे नसतात हां. मी तर शीर्षक न देताच कथा पाठवली होती, त्यांनी ठेवलेलं माझ्या डोक्यात सात जन्मात आलं नसतं.

वहिनीसाहेब: अभिनंदन. पुढच्या वेळी कथापण न लिहिताच पाठवा.

रातकिडा: मी अंकाचं काम केलंय आठ वर्षं, म्हणून बोलतो. अंक छपाईला जायचाय आणि तीन कथांचं नाव 'सावली', काय करणार? बदलावं लागतं. फोन करायला हवा, हे मान्य.

वहिनीसाहेब: वेळ नसतो होय? 'ताई, अर्ध्या पानाच्या जाहिरातीसाठी ओळखीत कोणी आहे का' विचारायला बरे दोनदा फोन येतात!

पेणकर: तीन 'सावली' कशामुळे आल्या पण? एका शब्दाच्या नियमामुळेच ना 😄

रातकिडा: हसा. 'आठ भाकऱ्या' चांगलं आहे, जा, म्हटलं. पण आठच का हा प्रश्न वाचकाला पडतो की नाही? म्हणजे गूढ आलंच. माझंच म्हणणं झालं, फक्त शब्द दोन.

चिंचगूळ: पडलो तरी नाक वर.

वहिनीसाहेब: ते राहू दे. रातकिडा, तुम्ही नक्की कुठल्या अंकाचं काम करायचात?