नादार, दिवाळखोर, जामीनदार: यांत नेमका फरक काय?

वडगावकर
आमच्या चुलतभावाचे बेळगावच्या वडगावात माग आहेत. सूत उधारीवर आणलेलं, बँकेचं कर्ज वेगळं, दोन्हीही थकलंय. वकील म्हणाले, ‘नादारीचा अर्ज टाकूया.’ घरात एकच गोंधळ चाललाय. काकू म्हणतात, नादारी म्हणजे शाळेतली फीमाफी की ओ. भाऊ म्हणतो, दिवाळं धंद्याचं निघालंय, अर्ज माझ्या नावानं कशाला? नादार आणि दिवाळखोर एकच काय? आणि धंद्याचं दिवाळं निघालं म्हणजे माणसाचंही निघतं काय?

टिळकवाडीचा निवृत्त कारकून
काकूंचं बरोबर आहे. ना-दार हा फारसी शब्द. ज्याच्याजवळ काही नाही तो. शाळेत गरिबाच्या पोराला नादारी मिळायची, कोर्टातही अर्थ तोच: देणं फेडायची ऐपत उरलेली नाही. त्यात दोष कुणाचा, हे शब्द सांगत नाही. ‘दिवाळखोर’ मात्र सांगतो. भांडखोर, लाचखोर, चुगलखोर यांच्या पंगतीला बसवलेला शब्द आहे तो, जणू त्या माणसाला दिवाळं काढायची खोडच आहे. पेठेत अजून ही शिवीच समजतात. वकिलांनी नादारी शब्द वापरला, चांगलं केलं.

२०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत हे दोन शब्द दोन पायऱ्यांसाठी आहेत. आधी नादारी, म्हणजे फेडीची योजना ठरवायचा प्रयत्न. तो फसला तर पुढं दिवाळखोरीचा हुकूम. पण व्यक्तींविषयीचा तो भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांनाच लागू झालाय, १ डिसेंबर २०१९ पासून. तुमच्या भावाला लागतो तो जुना, १९२०चा प्रांतिक नादारी कायदा. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हाचा. १९५६ला राज्य बदललं, कायदा राहिला. अर्ज जिल्हा न्यायालयात. त्यात देण्याची किमान रक्कम किती लिहिलीय माहीत आहे? ५०० रुपये!

वडगावकर
आणि धंद्याचं दिवाळं?

टिळकवाडीचा निवृत्त कारकून
ते बोलण्यापुरतं. एकट्याच्या नावावरचं दुकान किंवा माग कायद्याला वेगळे दिसतच नाहीत. पाटीवर ‘अमुक टेक्स्टाईल्स’ असली तरी कर्ज मालकाचं. धंद्याला घर नसतं, मालकाला असतं, म्हणून वसुली तिथं येते. अर्ज माणसाच्याच नावानं पडणार.

निपाणीकर
आमच्याकडं तंबाखूच्या पेढ्या, त्यामुळं भागीदारीचं सांगतो. ‘माझी चार आण्यांची भागी आहे’ असं म्हणणारा मनात धरून चालतो की बुडालं तर चार आण्यांपुरतंच बुडेन. चार आणे हे आपसातल्या वाटणीचं माप आहे. सूत-तंबाखूवाल्याला त्याचं काही देणंघेणं नाही. १९३२च्या भागीदारी कायद्याचं कलम २५ म्हणतं, प्रत्येक भागीदार पेढीच्या देण्याला इतरांबरोबर आणि एकट्यानंही जबाबदार. म्हणजे तिघे हात वर करून बसले तर सगळा रुपया चौथ्याकडून वसूल करता येतो. त्यानं मग त्या तिघांच्या मागं फिरायचं.

‘मी कधीच बाजूला झालोय’ हेही तितकंच पोकळ. जायच्या आधीचं देणं मानेवर राहतं. आणि बाहेर जाहीर नोटीस दिली नसेल तर नंतरचंही येऊ शकतं. गल्लीत चारचौघांना सांगितलं, याला जाहीर नोटीस म्हणत नाहीत.

शहापूर
देणेकरी म्हणजे नक्की कोण, देणं असलेला की घेणारा? ‘दारात देणेकऱ्यांची रांग’ म्हणतात तेव्हा मागायला आलेले असतात. शब्द बघितला तर उलटा वाटतोय.

टिळकवाडीचा निवृत्त कारकून
दोन्ही अर्थांनी चालतो, म्हणून कागदावर लिहू नये. ऋणको (देणं असलेला) आणि धनको (ज्याचं येणं आहे तो) पुस्तकी आहेत, पण त्यांत घोटाळा नाही. बोलताना ‘पैसे मागणारा’ म्हणावं, झालं.

उद्यमबागेतला
जामीन शब्दावर कुणी बोलत नाही, आणि निम्मी माणसं तिथंच अडकतात. आमच्या भागात फाउंड्रीवाले हौसेनं ‘प्रायव्हेट लिमिटेड’ करतात. लिमिटेड म्हणजे कंपनीच्या देण्यात भागधारकाची जबाबदारी शेअरपुरती. मग बँक कर्ज देताना संचालकाकडून वैयक्तिक हमी लिहून घेते आणि ते लिमिटेड तिथंच संपतं. १८७२च्या करार कायद्यात कलम १२८ आहे: करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. बँकेनं आधी कंपनीकडं जावं असं बंधन नाही, सरळ तुमच्याकडं येऊ शकते. कंपनीची फेडीची योजना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२१ मध्ये सांगून टाकलंय.

आपल्याकडं ‘जामीन राहिलो’ असं म्हणतात, लग्नात साक्षीला उभं राहिल्यासारखं. साक्षीदार फक्त बघतो. जामीनदार फेडतो.

खानापूरकर
नोटीस कन्नडमधून आली तर घाबरू नका. ‘साल’ म्हणजे कर्ज, वर्ष नव्हे. ‘सालगार’ कर्जदार, ‘जामीनुदार’ जामीनदार, ‘होणे’ म्हणजे जबाबदारी. ‘दिवाळि’ दिसलं तर ते आपलं दिवाळंच, फराळाची दिवाळी नव्हे. आमच्या मामानं ‘होणे’ वाचून ‘काय होणे?’ असं विचारलेलं.

वडगावकर
मग अर्ज टाकला की सगळं सुटतं काय? काकूंना भीती आहे, मंगळसूत्र आणि माग दोन्ही नेतील.

टिळकवाडीचा निवृत्त कारकून
सगळं सुटत नाही. नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या (ती सांभाळायला कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या) ताब्यात जाते आणि साध्या धनकोंना परवानगीशिवाय मागं लागता येत नाही. पुढं कोर्टानं मुक्तीचा हुकूम दिला तर बहुतेक देणी मिटतात, मात्र सरकारी देणं आणि फसवून घेतलेलं कर्ज मिटत नाही. घर बँकेकडं गहाण असेल तर बँकेचा त्यावरचा हक्क तसाच राहतो. भागीदार आणि जामीनदारही त्या हुकुमानं सुटत नाहीत. चेक परत गेल्याची कलम १३८ची केस फौजदारी आहे, ती वेगळीच चालते.

काकूंना सांगा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०मध्ये अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धार्मिक रिवाजानुसार बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्तीतून वगळलेत. मंगळसूत्र त्यात बसतं. पॉवरलूम ‘हत्यार’ ठरतं का, हे वकिलाला विचारा. माग कर्जाला तारण दिले असतील तर आशा कमी. आणि बापाचं कर्ज फेडणं हे पोराचं धर्मकर्तव्य म्हणून त्याच्यावर आता लादता येत नाही, हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनं ते गेलं. वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरतंच देणं लागतं.

वडगावकर
बँकेचे कागद आता काढायलोय. भावजयीची सही आहे, पण वर ‘जामीनदार’ नाही, ‘सहकर्जदार’ छापलंय.

उद्यमबागेतला
मग त्या जामीनही नव्हेत, स्वतः कर्जदारच आहेत. भावाच्या अर्जानं त्यांचं देणं थांबणार नाही, त्यांच्यासाठी वेगळा अर्ज लागेल का ते उद्याच वकिलाला विचारा. आणि ते पान इथं टाकणार असाल तर खाते क्रमांक झाकून टाका.